डाव्या हाताची कणगी

ताला उझरू, २० एप्रिल १९७९

फरूजा,

तुझा भाऊ अक्ली फ्रान्सहून कायमचा परत आला तो डोक्यात सिमेंट घेऊनच आला. रोज सकाळी अंगणात उभा राहतो आणि काठीनं हवेत खोल्या काढतो. इथं स्वयंपाकघर, इथं नळ, इथं पाहुण्यांची बैठक. मी घागर घेऊन त्याच्या बैठकीतूनच झऱ्याकडं जाते. नळाचं ऐकून बरं वाटतं, खोटं कशाला बोलू.

पण तुझी आई, आपली यम्मा, आडवी आलीय. म्हणते, "गोठा पाडा, माळा पाडा. कणग्यांच्या ओट्याला हात लावायचा नाही."

अक्लीनं विचारलं, "का पण?"

"नाही म्हणजे नाही."

आता तूच सांग, ओटा ठेवून घर कसं पाडायचं? आपल्या कणग्या काही दारातून बाहेर निघायच्या नाहीत. कच्च्या मातीच्या, आखूड पायांच्या, माणसाच्या छातीएवढ्या उंच, ज्या खोलीत उभ्या केल्या तिथंच त्यांचं आयुष्य. घर पडलं की त्या फुटणार. अक्ली म्हणतो, रमजानच्या आधी जुनं घर पाडायला हवं, गवंड्याला शब्द दिलाय. यम्मा ऐकत नाही. दोघं जेवताना एकमेकांशी बोलत नाहीत, माझ्यातर्फे बोलतात. "तिला विचार, मीठ हवंय का." "त्याला सांग, नको." समोरासमोर बसून!

खरी गोष्ट पुढंच आहे. परवा मी मधल्या कणगीत उतरले. जुनं जव संपलं की आत जाऊन झाडायचं, तुला ठाऊकच आहे. तुझ्या लग्नाआधी हे काम तुझं होतं. दर वर्षी कणगीचं तोंड थोडं अरुंद झाल्यासारखं वाटतं मला. तर आत बसले होते. वरून ऊन बरोबर भिंतीवर पडलं होतं आणि माती सारवल्याच्या बोटांच्या रेघा दिसल्या. इतकी वर्षं झाडतेय, कधी पाहिल्या नव्हत्या. गंमत म्हणून हात ठेवून पाहिला. उजवा बसेना. डावा ठेवला, तर अंगठा अंगठ्याच्या जागी, करंगळी करंगळीच्या जागी. लहानसा हात, माझ्याएवढाच.

चुलीजवळची कणगी तुझ्या आजीनं केली. दाराकडची यम्मानं. या घरात आलेल्या प्रत्येक सुनेनं आपली कणगी आपल्या हातानं उभी करायची, असंच ना? (माझी पाळी आली तेव्हा फ्रेंचांशी लढाई नुकतीच संपली होती, धान्य पोत्यांतून यायला लागलं होतं, म्हणून मी सुटले.) मग मधली कुणाची?

यम्माला विचारलं. म्हणाली, "मी आले तेव्हा होती ती." आणि झाडलेली जमीन पुन्हा झाडायला लागली.

तुझी,
दहबिया


अल्जिअर्स, २ मे १९७९

दहबिया,

(वहिनी म्हणायला हवं, पण मिशनच्या सिस्टरांच्या शाळेत एका बाकावर बसून जिचे केस ओढले तिला वहिनी म्हणताना जीभ वळत नाही.)

तुझं पत्र मी दवाखान्यात, बाळंतिणींच्या वॉर्डात, चादरी बदलता बदलता वाचलं. इथल्या बायका म्हणाल्या, काय वाचतेस एवढी गालात हसत? सांगितलं, आमच्या घरातल्या कणगीबद्दल आहे. मग काय विचारतेस! अर्ध्या बायका आपापल्या आजीच्या कणगीबद्दल बोलायला लागल्या. एकीची खांद्याशी फुगीर, एकीच्या कणगीला चार पाय, एकीच्यात उंदीर. डॉक्टर आले तरी कुणी गप्प बसेना.

माझा अंदाज सांगू? वारदिया आत्या. बाबांची बहीण डावखुरी आहे, सुई डाव्या हातानं धरते ते मी लहानपणापासून बघतेय. लग्नाआधी तिनं केली असणार. जा आणि विचार तिला. ती तुझ्यापासून दोन गल्ल्यांवर आहे, माझ्यापासून एक अख्खा दिवस लांब.

पण एक गोष्ट मला आता आठवते आणि छळते. वसंतात तिन्ही कणग्या लिंपायच्या असायच्या. यम्मा नेहमी मधलीपासून सुरुवात करायची आणि तिला आम्हा पोरींचा हात लागू द्यायची नाही. "तुम्ही आजीची घ्या." मधलीत तेव्हा अंजिरं असायची, मला वाटायचं आम्ही चोरून खाऊ म्हणून. (खायचो की!) त्या कणगीवरची तांबडी नक्षीसुद्धा ती दर वर्षी जशीच्या तशी गिरवायची. स्वतःच्या कणगीवर मात्र मनाला येईल ते काढायची.

आणि एक कर. बाकीच्या दोन कणग्यांतही उतरून बघ. तिथल्या रेघा कुठल्या हाताच्या आहेत? हसू नकोस. मला झोप लागत नाही.

अक्लीला सांग, आईशी असं वागायचं नाही. माझ्या नावानं सांग, तुला त्या दोघांबरोबर एका चुलीवर राहायचंय.

फरूजा


ताला उझरू, १६ मे १९७९

फरूजा,

तू तिथं बसून हुकूम सोडतेस आणि मी इथं कणग्यांत उतरते. आजीच्या कणगीत शिरताना कंबर अडकली. शेजारची येऊन ओढून काढते तोवर सगळ्या गल्लीला कळलं होतं. सगळ्यांना वाटतंय मी काही पुरलेलं शोधतेय. शोधतेच आहे म्हणा.

आजीच्या रेघा उजव्या हाताच्या. जाड, घाईघाईच्या, जशी ती होती म्हणतात तशा. आता नीट वाच. यम्माच्या कणगीतल्या रेघा डाव्या हाताच्या आहेत.

आपली यम्मा! जी उजव्या हातानं मळते, उजव्या हातानं जातं ओढते, उजव्या हातानं आपल्या कानाखाली वाजवायची ती. मी दोनदा हात लावून पाहिला. डावाच.

मग वारदिया आत्याकडं गेले. ती ओसरीवर जव निवडत बसली होती. मी पण बसले, सूप ओढलं, इकडचं तिकडचं बोलले आणि मग म्हटलं, "आत्या, मधली कणगी तुम्ही केली होती का हो?"

"मी? मला माती कधी जमली नाही. माझं सगळं सुताचं."

"मग कुणी?"

आत्यानं सूप खाली ठेवलं. "दार लाव."

बाबांचं पहिलं लग्न झालेलं होतं, फरूजा. तुला माहीत होतं? मला नव्हतं. घळीपलीकडच्या इघील गावची मुलगी. नाव शाबहा. डावखुरी, बोलायला तिखट, आणि कामाला अशी की आत्या म्हणते, तिनं ऑलिव्ह पायानं तुडवायला घेतले की इतर बायका बघत उभ्या राहायच्या. ती इथं राहिली काही वर्षं. मूल झालं नाही. आजीनं एके दिवशी तिचं गाठोडं दारात ठेवलं. बाबा शेतात होते. परत आले तर बायको नाही. पुढच्या वसंतात यम्मा आली.

"तुझ्या सासूला विचारू नकोस," आत्या म्हणाली. "सवतीच्या कणगीतलं धान्य जन्मभर खाणं काय असतं, तिलाच ठाऊक."

मी घरी आले तेव्हा यम्मा ओट्यावर बसली होती, मधल्या कणगीला पाठ टेकून, लोकर पिंजत. मला तिची दया आली. आणि लगेच वाटलं, थांब. ज्या कणगीचा राग यायला हवा, तिची नक्षी कुणी दर वर्षी गिरवेल का? आणि ती फुटू नये म्हणून पोटच्या पोराशी अबोला धरेल का?

मला काही उलगडत नाही. तुझ्या शहरात असतात म्हणे हुशार बायका, विचार त्यांना.

दहबिया


अल्जिअर्स, ५ जून १९७९

दहबिया,

बसलीयस का? बस.

मी तिला भेटले.

मला वाटलं होतं, मेली असेल. तरी वॉर्डात विचारलं, कुणी इघीलची आहे का? एक होती, तिसऱ्या बाळंतपणाला आलेली. म्हणाली, "शाबहा? बेकरीवाल्याची आई ना? सावत्र आई, पण तो तिच्या शब्दाबाहेर नाही. आमच्याच गल्लीत." एवढं सोपं. सतरा वर्षं मी या शहरात राहते, दहबिया, आणि ती बसच्या चार थांब्यांवर.

शुक्रवारी गेले. चौथा मजला. दार तिनंच उघडलं. लहानखुरी, ताठ, कपाळावरचं गोंदण अजून हिरवं. मी नाव सांगितलं, बाबांचं नाव सांगितलं, गावाचं सांगितलं. तिनं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं, अगदी बाजारात शेळी बघावी तसं.

"नाक त्याचंच आहे," ती म्हणाली. "ये."

मला वाटलं होतं, रडेल, किंवा मला हाकलून देईल. मी काय काय बोलायचं ते जिन्यात पाठ केलं होतं. तिनं बोलूच दिलं नाही. कॉफी ठेवली आणि पाठमोरी असतानाच विचारलं, "कणगीचा मागचा डावा पाय कसा आहे? तडकला?"

मी म्हटलं, "नाही. सगळं शाबूत आहे."

"वाकडा होता तो. मला घाई केली होती त्यांनी."

मग खूप प्रश्न. काय ठेवता तिच्यात? जव की अंजिरं? उंदीर लागतात? धान्य काढायच्या भोकांची बुचं लाकडाची आहेत की चिंध्यांची? मी सांगत गेले. ती माझ्याकडं न बघता ऐकत होती आणि डाव्या हातानं मेजावरचं मेणकापड सरळ करत होती, पुन्हा पुन्हा, जसं काही ते ओलं असावं.

मी सांगितलं, की घर पाडायचंय आणि यम्मा कणगी फोडू देत नाही. तिचा हात थांबला.

मग ती म्हणाली, "तासादित अजून डाव्या हातानं लिंपते?"

दहबिया, मी कप खाली ठेवला. यम्माचं नाव मी तिला सांगितलंच नव्हतं. ती घरातून गेल्यावर यम्मा आली. मग या बाईला यम्माचं नाव कसं माहीत? आणि हाताचं कसं माहीत?

विचारलं. ती म्हणाली, "कॉफी गार होतेय."

मी पुन्हा विचारलं. ती उठली, मला पिशवीभर पाव दिला आणि जिन्यापर्यंत सोडायला आली. रागावली असेल, मी जुनी जखम उघडली असेल, असं वाटून मी घरभर फिरत राहिले. नवरा म्हणाला, "तू सगळीकडं जे नाक खुपसतेस ते तुझ्या बापाचं आहे, हे तरी कळलं."

आता सगळं तुझ्या हातात आहे. यम्माला विचार. बाबा गेले, दुसरं कुणी उरलं नाही विचारायला.

फरूजा


ताला उझरू, १८ जून १९७९

फरूजा,

विचारलं.

जवाची कापणी चालू आहे. बायकांची रांग पुढं सरकते आणि पुरुष मागून पेंढ्या बांधतात. यम्मा माझ्या शेजारी होती. या वयातही तिचा विळा माझ्या पुढं असतो. मी वाकल्या वाकल्याच म्हटलं, "यम्मा, शाबहा विचारत होती, तुम्ही अजून डाव्या हातानं लिंपता का."

विळा थांबला. सबंध रांग पुढं गेली, आम्ही दोघी मागं राहिलो.

"जिवंत आहे?" यम्मा म्हणाली.

एवढंच. मग ती खाली बसली, कापलेल्या जवावर, आणि म्हणाली, "पाणी दे." प्यायली. आणि सांगायला लागली. मी तिच्याच शब्दांत लिहिते, माझ्याच्यानं तेवढं नीट जमायचं नाही.

"मी आले तेव्हा मला मातीतलं काही येत नव्हतं. आई लहानपणीच गेलेली, भावांत वाढले. बकऱ्या राखायची, झाडावर चढायची. सासू म्हणाली, या उन्हाळ्यात कणगी उभी कर, नाहीतर कळेल तुझी लायकी. मी केली. ढासळली. पुन्हा केली. पुन्हा ढासळली. सासूनं नुसतं दाराकडं बघितलं. गाठोड्याची गोष्ट मला बायकांनी आधीच सांगितली होती.

"घळीत माती आणायला गेले आणि तिथंच बसून रडले. पलीकडच्या काठावर इघीलची एक बाई माती खणत होती. म्हणाली, रडून माती भिजत नाही गं, कुठल्या घरची? मी घर सांगितलं. ती बराच वेळ खणतच राहिली. मग कुदळ टाकून ओढा ओलांडून आली. माझ्या पाटीतली माती चिमटीत घेतली, जिभेला लावली आणि म्हणाली, ही वरची आहे, खालची घे. पेंढा बारीक चीर. शेण कमी घालतेस. आणि एका दिवसात वीतभरापेक्षा वर चढायचं नाही, तिला सुकू दे, तू पण जेव.

"रोज यायची. मोठ्या दगडावर एवढीएवढीशी कणगी करून दाखवायची. मी तिच्या हाताकडं बघून शिकले, म्हणून तिचाच हात लागला मला. दुसऱ्या हातानं येतच नाही. माझी कणगी उभी राहिली तेव्हा मी अंडी घेऊन गेले आणि म्हटलं, नाव तरी सांग. तिनं सांगितलं.

"मी तिच्या पाया पडायला गेले तर तिनं धरलं. म्हणाली, तुझा काय दोष? फक्त माझ्या कणगीला दर वर्षी हात लावत जा. दुसऱ्या कुणाला लावू देऊ नकोस.

"मग दर वसंतात घळीत भेटायचो. कुणाला सांगितलं नाही. लढाईत शिपायांनी घळ बंद केली. उघडली तेव्हा इघीलची माणसं पांगली होती."

मी म्हटलं, "म्हणून तुम्ही फोडू देत नाही?"

ती माझ्यावर खेकसली, "अगं, ती माझी आहे का फोडू द्यायला? दुसरीची वस्तू! तिला न विचारता?"

अक्ली मागं पेंढी बांधत उभा होता. त्यानं किती ऐकलं कोण जाणे. त्यानं यम्माच्या हातातला विळा घेतला आणि तिची ओळ स्वतः कापली. बायका हसल्या त्याला, तरी कापली. जेवताना त्यानं थेट तिला विचारलं, "मीठ हवंय?"

दहबिया


अल्जिअर्स, २७ जून १९७९

दहबिया,

तुझं पत्र मी शाबहाला वाचून दाखवलं. मी वाचत होते, ती मेणकापड सरळ करत होती. "रडून माती भिजत नाही" तिथं मात्र म्हणाली, "असं म्हटलं होतं मी? आगाऊच होते."

मी म्हटलं, "चला ना गावाला. यम्माला तुमचीच परवानगी हवीय."

"त्या दारातून मला बाहेर काढलंय. बोलावल्याशिवाय त्या दारातून आत जायची नाही. आणि पोरींनी बोलावून नाही."

तिचा मुलगा, बेकरीवाला, तिथंच होता. त्याला यातलं काहीच माहीत नव्हतं. तो मला जिन्यात म्हणाला, "ती म्हणेल तेव्हा मी तिला घेऊन येईन. पण तिथं कुणी तिला वाकडं बोललं तर?"

घर पाडायला आता किती दिवस उरलेत? मला रजा मिळत नाही, दोन बायका आजारी आहेत. तूच काहीतरी कर.

फरूजा


ताला उझरू, ११ जुलै १९७९

फरूजा,

तुला आमची तार मिळाली आणि तू ती तिला पोचवलीस, त्याबद्दल तुझ्या पोरांना मी अंजिरं पाठवीन. तार यम्मानं स्वतः सांगितली. पोस्टातला माणूस म्हणाला, कमी शब्दांत सांगा. यम्मा म्हणाली, "लिही, मी बोलावतेय, तासादित." तो म्हणाला, कशाला बोलावताय ते? "तिला कळेल."

काल दुपारी ती आली. बेकरीवाला गाडी रस्त्याला ठेवून तिला धरून चढ चढवत होता आणि ती त्याचा हात झटकत होती. सगळी गल्ली दारात. मी अंगण दोनदा झाडलं होतं. अक्लीनं तर फ्रान्सचा कोट घातला होता, जुलैमध्ये.

ती उंबऱ्याशी थांबली. आत पाऊल टाकेना. यम्मा दारात आली. दोघी एकमेकींकडं बघत उभ्या. मला वाटलं आता काय होतंय.

शाबहा म्हणाली, "तुझी सासू आहे का घरात?"

"मेली ती. कधीच."

"नक्की?"

"मीच आंघोळ घातली."

"मग येते," म्हणाली आणि उंबरा ओलांडला.

कुणी गळ्यात पडलं नाही. सरळ ओट्याकडं गेल्या दोघी. शाबहानं बूच काढलं, कोपरापर्यंत हात घातला, यम्मानं शकुनाला ठेवलेलं मूठभर जव काढून दाताखाली चावलं. मग खाली बसून मागचा पाय चाचपला. "वाकडाच की गं अजून."

यम्मा म्हणाली, "दर वर्षी वरून माती चढवून सरळ करतेय मी."

"दिसतंय. हत्तीच्या पायासारखा झालाय." आणि नक्षीवरून बोट फिरवत म्हणाली, "हे मात्र माझ्याहून बरं काढलंस."

मग यम्मा म्हणाली, "पोराला घर बांधायचंय. तू सांगशील तसं होईल. नको म्हणालीस तर घर दुसरीकडं बांधेल."

अक्लीनं माझ्याकडं पाहिलं. मी त्याच्या कोटाची बाही धरून ठेवली.

शाबहा हसायला लागली. "म्हणजे एवढ्यासाठी अडवून ठेवलंस त्याला? अगं बाई, कच्ची माती आहे ती. भाजलेली असती तर खापरं झाली असती. ही फोडायची, भिजवायची, की परत माती. पेंढा कुजून उलट चिवट होईल. कुदळ आण."

अक्ली पुढं झाला. "तू नको," ती म्हणाली.

पहिला घाव तिनंच घातला. कणगीला ओरखडासुद्धा पडला नाही. दुसरा घातला, धूळ उडाली फक्त. "मेली कुणी केलीय इतकी घट्ट," म्हणाली, आणि यम्मा जी हसायला लागली, ती ओट्यावर बसलीच. मग दोघींनी मिळून एकच दांडा धरला.

तुकडे अंगणातल्या खड्ड्यात भिजत घातलेत, वर पोती. आज ढिगारा उपसतोय. यम्माची कणगी फोडली आणि शेवटी आजीची पण. ती एका घावात गेली.

शाबहा संध्याकाळी परत गेली. जाताना म्हणाली, "भिंती झाल्या की कळवा. दार बसवायच्या आधी."

दहबिया


अल्जिअर्स, ३० ऑगस्ट १९७९

दहबिया,

ईद झाली, भिंती झाल्या असतील, आणि तुझं एक अक्षर नाही! इथं शाबहा दर शुक्रवारी विचारते. मी विचारते, काय बोललात दोघी त्या दिवशी? ती म्हणते, मातीबद्दल. एवढंच? एवढंच. मला विश्वास नाही. तू कान उघडे ठेव आणि मला सगळं लिही, एक शब्द गाळू नकोस.

फरूजा


ताला उझरू, २१ सप्टेंबर १९७९

फरूजा,

घे, सगळं.

स्वयंपाकघराचा एक कोपरा रिकामा सोडायला अक्लीनं गवंड्याला सांगितलं. गवंडी म्हणाला, इथं कपाट येतं. अक्ली म्हणाला, इथं कणगी येते. गवंड्यानं त्याला वेड्यात काढलं. नळ अजून आलेला नाही, कणगी मात्र खांद्यापर्यंत आलीय.

शाबहा आठवडाभर आमच्याकडं आहे. खड्ड्यातली भिजलेली माती मीच तुडवली. दोघी म्हाताऱ्या खुर्च्यांवर बसून हुकूम सोडतात आणि एकमेकींचे हुकूम खोडतात. "पेंढा अजून घाल." "नको गं, पुरे झाला." मी मधे उभी, गुडघ्यापर्यंत चिखलात. माझी पाळी सुटली म्हणून खूश होते ना? सुटली नव्हती.

काल मी आतून सारवायला उतरले. माती ओली, मी अंग चोरून बसलेली. बाहेर त्या दोघी दोन बाजूंनी हात फिरवत होत्या. मी आत आहे हे बहुतेक विसरल्या. तू म्हणतेस कान उघडे ठेव. मला बंद करताच आले नसते.

शाबहानं बाबांबद्दल विचारलं, "तुझ्या वेळी घोरायचा?"

"अख्खं घर हलायचं," यम्मा म्हणाली.

"माझ्या वेळी कोवळा होता. नुसती शिट्टी वाजायची."

मी ओठ दाबून धरले. मग शाबहा म्हणाली, हळू, "मी गेल्यावर माझं नाव कुणी काढलं का गं या घरात?"

"नाही."

"त्यानं?"

"नाही. पण तुझ्या कणगीतलं धान्य संपलं की त्या रात्री जेवायचा नाही. पोट दुखतंय म्हणायचा." यम्मा थांबली. "मी एकदा काढलं. मुलगी झाली तेव्हा. म्हटलं, हिचं नाव शाबहा ठेवायचं. सासूनं सुपातला रवा जमिनीवर ओतला. मग फरूजा ठेवलं."

फरूजा, मी आत होते तशीच राहिले. हात भिंतीवर, हलवायचा धीर होईना.

शाबहा म्हणाली, "बरं झालं. शाबहा म्हणजे देखणी. मी पाहिलंय तुझ्या पोरीचं नाक."

मी फुटलेच गं. इतकी हसले की ओली भिंत थरथरली. बाहेरून दोघी एकदम ओरडल्या, "हलू नकोस! हलू नकोस!" आणि चारही हात लावून बाहेरून भिंत धरली. मी आतून धरली. तशाच राहिलो तिघी. माती थंड होती, पातळ होती. आतून तळवा टेकला की बाहेरच्या तळव्यांची ऊब लागत होती.

दहबिया